2008 च्या वित्तीय अरिष्टावरील ग्रंथांची पारख

अमेरिकेत 2007 मध्ये सुरू झालेल्या आणि सप्टेंबर 2008 मध्ये जगभर पसरलेल्या वित्तीय अरिष्टाची कारणमीमांसा करणारे ग्रंथ त्या अरिष्टाची धग निवण्याआधीच बाजारात येऊ लागले होते, आणि हा ओघ पुढे दहा वर्षे चालूच राहिला. मार्च 2012 मध्ये ‘जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर’ या नियतकालिकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील वित्तशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू लो यांनी अशा 21 ग्रंथांचे एकत्रित परीक्षण केले. त्यांपैकी 11 ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासकांचे होते, तर उरलेले 10 पत्रकारांचे आणि अमेरिकेच्या एका माजी अर्थमंत्र्याचे. एवढे सारे वाचून झाल्यावरही त्यांतून अरिष्टाची एकच सुसंगत हकीकत निघत नाही, असा लो यांचा निष्कर्ष होता. त्याहून गंभीर बाब त्यांनी पुढे मांडली, ती अशी की घटनांचा अर्थ लावण्यात मतभेद आहेतच, परंतु मूळ घटनांविषयीही या लेखकांत एकवाक्यता नाही.

अर्थ लावण्यातला मतभेद शास्त्राला पोषक ठरतो. अमुक नियम अमुक साली बदलला की नाही आणि बदलला असल्यास तो कोणाला लागू होता, याविषयीच दुमत असेल तर मात्र वाचकापुढे मोठीच अडचण उभी राहते. अरिष्टाचे जे कारण समाजात रूढ होते त्यावरूनच पुढचे कायदे ठरतात, कोणाला शिक्षा करायची आणि कोणाला मोकळे सोडायचे हे ठरते, आणि पुढच्या संकटात सरकार काय करील याचीही दिशा ठरते. म्हणून या ग्रंथांची पारख कशी करावी हा प्रश्न केवळ ग्रंथपरीक्षणाचा राहत नाही. कारण सांगणाऱ्या ग्रंथाचे मोल त्याच्या निष्कर्षावरून ठरत नाही. आपला निष्कर्ष तपासून पाहण्याची, प्रसंगी तो खोटा ठरवण्याचीही वाट त्याने वाचकासाठी उघडी ठेवली आहे की नाही, यावरून ते ठरते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

घटनाक्रम थोडक्यात असा. अमेरिकेत घरांच्या किमती 2006 पर्यंत चढत राहिल्या आणि त्यानंतर 2012 पर्यंत देशपातळीवर सुमारे 27 टक्क्यांनी उतरल्या. या चढत्या काळात ज्यांची परतफेडीची क्षमता कमकुवत होती अशा कर्जदारांना दिलेली गृहकर्जे, म्हणजेच ‘सबप्राइम’ कर्जे, मोठ्या प्रमाणावर दिली गेली. अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांच्या हप्त्यांवर आधारलेले रोखे काढण्यात आले आणि ते जगभरच्या बँकांना, विमा कंपन्यांना व निवृत्तिवेतन निधींना विकण्यात आले. या प्रक्रियेला रोखेकरण म्हणतात. 9 ऑगस्ट 2007 रोजी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन निधींतून पैसे काढण्यास मनाई केली, मार्च 2008 मध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक जे. पी. मॉर्गनच्या पदरात टाकण्यात आली, 15 सप्टेंबर 2008 रोजी 600 अब्ज डॉलरहून अधिक मालमत्ता असलेल्या लीमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, 85 अब्ज डॉलरचे कर्ज देऊ केले. एवढ्यापुरते कोणाचेही दुमत नाही. हे का घडले असे विचारताच वाटा फुटतात.

या फुटलेल्या वाटा एकाच बांधणीत पाहायच्या असतील तर अमेरिकी काँग्रेसने 2009 मध्ये नेमलेल्या वित्तीय अरिष्ट चौकशी आयोगाचा जानेवारी 2011 चा अहवाल उघडावा. फिल अँजेलिडीस यांच्या अध्यक्षतेखालील या दहा सदस्यांच्या आयोगाने सातशेहून अधिक जणांची साक्ष व मुलाखती घेतल्या. तरीही अहवालावर सह्या झाल्या त्या सहाच, आणि त्या सहाही सदस्यांची नेमणूक डेमोक्रॅटिक पक्षाने केलेली होती. रिपब्लिकन पक्षाने नेमलेल्या चौघांपैकी तिघांनी एक भिन्नमतपत्रिका जोडली आणि चौथे सदस्य पीटर वॉलिसन यांनी स्वतंत्र दुसरी. बहुमताच्या मते अरिष्ट टाळता येण्याजोगे होते आणि नियंत्रकांची ढिलाई व वित्तसंस्थांची बेफिकिरी हे त्याचे मूळ होते. तिघांच्या मते अनेक देशांत एकाच वेळी फुगलेल्या पतपुरवठ्याकडे व घरांच्या किमतींकडे दुर्लक्ष करून केवळ अमेरिकी नियमनाला दोष देणे अपुरे होते. वॉलिसन यांच्या मते मात्र अल्प उत्पन्न गटांना घरे मिळावीत यासाठी सरकारने राबवलेले गृहनिर्माण धोरण हेच मुख्य कारण होते. हाच सिद्धान्त त्यांनी 2015 च्या ‘हिडन इन प्लेन साइट’ या ग्रंथात विस्ताराने मांडला.

वॉलिसन यांच्या सिद्धान्ताचा सारा डोलारा एका आकड्यावर उभा आहे, म्हणून तो आकडा जवळून पाहणे इष्ट ठरेल. 2008 मध्ये अमेरिकेतील सुमारे 2 कोटी 70 लाख गृहकर्जे, म्हणजे एकूण गृहकर्जांच्या जवळजवळ निम्मी, दुय्यम दर्जाची होती आणि त्यांतील बहुसंख्य कर्जांमागे सरकार किंवा सरकारच्या छत्राखालच्या फॅनी मे व फ्रेडी मॅक या संस्था होत्या, असे ते सांगतात. हा आकडा त्यांनी एडवर्ड पिंटो यांच्या गणनेवरून घेतला आहे, आणि त्या गणनेत कर्जदाराचा पतगुणांक 660 पेक्षा कमी असला की कर्जाच्या अटी कितीही सरळ असोत, ते कर्ज दुय्यमच धरले जाते. अशा व्याख्येने मोजलेली सर्व कर्जे सारखीच धोक्याची होती का, हे आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी तपासले. 660 पेक्षा कमी गुणांक असलेल्या कर्जदारांपुरते पाहता 2008 च्या अखेरीस फॅनी व फ्रेडीकडील कर्जांपैकी 6.2 टक्के कर्जे गंभीररीत्या थकली होती, तर खासगी संस्थांनी रोखेकरण केलेल्या तशाच कर्जांपैकी 28.3 टक्के. दोन्ही कर्जांना एकच नाव दिल्याने जो सिद्धान्त भक्कम दिसत होता तो या दोन टक्केवाऱ्या शेजारी ठेवताच डळमळतो. याचा अर्थ फॅनी व फ्रेडी निर्दोष होत्या असा नाही. अत्यल्प भांडवलावर त्यांनी प्रचंड जोखीम उचलली होती आणि 7 सप्टेंबर 2008 रोजी सरकारला त्यांचा ताबा घ्यावा लागला. त्यांच्या रचनेतला दोष मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झालेले विरल आचार्य व त्यांच्या सहलेखकांनी 2011 च्या ‘गॅरंटीड टू फेल’ या ग्रंथात चोखपणे दाखवला आहे. मात्र दोषी असणे वेगळे आणि मुख्य कारण असणे वेगळे, हा भेद वॉलिसन करीत नाहीत. आयर्लंड व स्पेनमध्ये फॅनी मे नव्हती, अमेरिकेचे गृहधोरणही नव्हते, आणि तरीही तेथे घरांच्या किमती फुगल्या व कोसळल्या. या वस्तुस्थितीला समाधानकारक उत्तर त्यांच्या ग्रंथात मिळत नाही.

कारण या संकल्पनेविषयीच येथे थोडे थांबले पाहिजे. भारतीय तर्कपरंपरेने उपादान कारण आणि निमित्त कारण असा भेद फार पूर्वी केला: मडक्याची माती हे उपादान, कुंभार हे निमित्त. वित्तीय अरिष्टाच्या बाबतीत याच धर्तीचा भेद फेडरल रिझर्व्हचे तत्कालीन अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी सप्टेंबर 2010 मध्ये आयोगापुढे साक्ष देताना केला. सबप्राइम कर्जांतील तोटा हे तात्कालिक निमित्त होते, आणि त्या तोट्याने कोसळावी अशी अवस्था आधीपासून असणे हे व्यवस्थेतील मूळ दौर्बल्य होते, असे त्यांचे म्हणणे. 2000 ते 2002 या काळात तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग कोसळले तेव्हा गुंतवणूकदारांचे सुमारे 5 लाख कोटी डॉलर बुडाले, तरीही बँका कोसळल्या नाहीत. 2007 च्या आरंभी सबप्राइम कर्जांची एकूण थकीत रक्कमच सुमारे 1 लाख 30 हजार कोटी डॉलर होती, आणि ती सगळी बुडाली असती तरी तोटा पहिल्यापेक्षा बराच लहान ठरला असता. लहान तोट्याने मोठा अनर्थ का घडवला, या प्रश्नाला जो ग्रंथ भिडत नाही त्याने लोभाचे आणि लबाडीचे कितीही तपशील दिले तरी कारणमीमांसा अर्धीच राहते. लोभ 1999 मध्येही होता.

या प्रश्नाला थेट भिडणाऱ्यांत येल विद्यापीठाचे गॅरी गॉर्टन अग्रभागी आहेत. त्यांच्या ‘स्लॅप्ड बाय द इनव्हिजिबल हँड’ या 2010 च्या ग्रंथाचे म्हणणे असे की 2007 मध्ये घडले ते एकोणिसाव्या शतकात वारंवार घडणाऱ्या बँकधाडीचेच नवे रूप होते. फरक इतकाच की पैसे काढायला सामान्य ठेवीदार रांगेत उभे नव्हते. मोठ्या संस्था एकमेकींकडून रोखे तारण ठेवून एका रात्रीपुरते किंवा काही दिवसांपुरते कर्ज घेतात, या व्यवहाराला ‘रेपो’ म्हणतात. तारणाच्या मोलाविषयी शंका येताच उसने देणाऱ्यांनी अधिक तारण मागितले किंवा उसने देणेच थांबवले, आणि दीर्घ मुदतीची मालमत्ता अल्प मुदतीच्या कर्जावर बाळगणाऱ्या संस्थांचा श्वास कोंडला. हे विवेचन मूलगामी आहे. मात्र गॉर्टन हे अरिष्टापूर्वी एआयजीच्या ज्या विभागाने रोख्यांवर विम्यासारखी हमी देणारे करार विकले, त्याच विभागाचे सल्लागार होते, हेही वाचकाला ठाऊक असावे. त्यामुळे त्यांचा सिद्धान्त चूक ठरत नाही. परंतु ज्या सिद्धान्तात व्यवस्थेला घबराट नडते आणि ती जोखीम उभी करणाऱ्यांची जबाबदारी मागे पडते, त्याचे वाचन अधिक जागरूकपणे करावे लागते.

गॉर्टन यांच्या नेमका उलट दृष्टिकोन अतिफ मियान व अमीर सूफी यांच्या ‘हाउस ऑफ डेट’ या 2014 च्या ग्रंथात दिसतो. बँका वाचवल्याने अर्थव्यवस्था वाचत नाही, कारण मूळ आजार कुटुंबांच्या डोईवरच्या कर्जाचा आहे, हे त्यांचे सूत्र. 2000 ते 2007 या सात वर्षांत अमेरिकी कुटुंबांचे कर्ज 7 लाख कोटी डॉलरवरून 14 लाख कोटींवर गेले, आणि ज्या भागांत ते अधिक होते त्याच भागांत लोकांचा खर्च अधिक आटला, हे त्यांनी परिसरवार आकडेवारीने दाखवले. 2002 ते 2005 या काळात ज्या पिन कोडांत उत्पन्न घटत होते तेथेच गृहकर्जांचा पुरवठा वाढत होता, हा त्यांचा सर्वांत गाजलेला निष्कर्ष. त्याला मानुएल अदेलिनो, अँटोनेट शोअर व फेलिपे सेव्हेरिनो या तिघांनी आव्हान दिले. पिन कोडाचे सरासरी उत्पन्न बाजूला ठेवून प्रत्यक्ष कर्जदाराचे उत्पन्न पाहिले तर कर्जवाढ सर्वच उत्पन्नगटांत दिसते आणि पुढे थकबाकीत मध्यमवर्गाचा वाटाही मोठा दिसतो, असे त्यांना आढळले. त्यावर मियान व सूफी यांचे उत्तर असे की कर्जाच्या अर्जांवर नोंदवलेली उत्पन्ने त्या काळात फुगवून लिहिली जात होती, तेव्हा त्यांवर विसंबणेच चूक. हा वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही. तरीही ‘हाउस ऑफ डेट’ची योग्यता या वादानेच सिद्ध होते, कारण लेखकांनी आपले प्रमेय इतक्या नेमकेपणाने मांडले होते की दुसऱ्यांना ते मोजून पाहता आले.

व्याजदराविषयीचा जॉन टेलर यांचा ‘गेटिंग ऑफ ट्रॅक’ हा छोटा ग्रंथही याच गुणामुळे आदरास पात्र आहे. महागाई आणि उत्पादन यांच्यावरून व्याजदर किती असावा हे सांगणारा नियम टेलर यांनीच पूर्वी मांडला होता. त्या मापाने पाहता फेडरल रिझर्व्हने जून 2003 ते जून 2004 या काळात 1 टक्क्यावर ठेवलेला दर फारच कमी होता आणि त्यातून घरांचा फुगा फुगला, असे ते म्हणतात. बर्नान्के यांनी जानेवारी 2010 मधील भाषणात निरनिराळ्या देशांची तुलना करून चलनधोरण आणि घरांच्या किमती यांच्यातील संबंध दुबळा असल्याचे उत्तर दिले. उत्तर देणारे बर्नान्के हे वादातील पक्षकारच आहेत, हे खरे. तरी तुलनेची पद्धत योग्य होती. रघुराम राजन यांच्या ‘फॉल्ट लाइन्स’ची गोष्ट थोडी निराळी. 2005 मध्ये जॅक्सन होल येथील परिषदेत त्यांनी वित्तीय व्यवस्थेतील वाढत्या जोखमीचा इशारा दिला होता, आणि तो ज्यांनी उडवून लावला त्यांना पुढे पश्चात्तापाची वेळ आली. त्यामुळे 2010 च्या या ग्रंथाला आरंभापासूनच मोठा अधिकार लाभला. वाढत्या विषमतेवर उपाय म्हणून राज्यकर्त्यांनी स्वस्त कर्जाचा मार्ग धरला, हे त्यातील प्रमेय मनाला चटकन पटते. परंतु मायकेल बोर्डो व क्रिस्तोफर माइस्नर यांनी अनेक प्रगत देशांची दीर्घकालीन आकडेवारी तपासली, तेव्हा विषमतेतून पतपुरवठ्याचा फुगा निर्माण होतो असा सर्वसाधारण संबंध त्यांना आढळला नाही. एकदा इशारा खरा ठरला म्हणून लेखकाचा पुढचा प्रत्येक सिद्धान्त खरा मानण्याचे कारण नसते, आणि राजन यांच्यासारख्या प्रामाणिक अभ्यासकालाही तसे अपेक्षित नसावे.

आता ज्या उदाहरणामुळे या साऱ्या विषयाचे गांभीर्य सर्वाधिक स्पष्ट होते त्याकडे वळणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने, म्हणजे आपल्याकडील सेबीसारख्या नियंत्रकाने, एप्रिल 2004 मध्ये पाच बड्या गुंतवणूक बँकांसाठी भांडवलविषयक नियम बदलला. त्यापूर्वी या बँकांना भांडवलाच्या 12 पटींहून अधिक कर्ज घेता येत नव्हते, आणि नियम सैल होताच ते प्रमाण 30 पटींच्या वर गेले, असे सांगितले जाते. भांडवलाच्या 33 पट मालमत्ता बाळगणाऱ्या संस्थेची मालमत्ता केवळ 3 टक्क्यांनी घसरली तरी तिचे सारे भांडवल पुसले जाते. तेव्हा हे विधान खरे असेल तर अरिष्टाचे कारण एका सरकारी बैठकीत, एका ठरावात सापडल्यासारखे आहे. त्या आयोगाच्या एका माजी अधिकाऱ्याने ऑगस्ट 2008 मध्ये हे लिहिले, ऑक्टोबर 2008 च्या आरंभी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या बैठकीला ठळक प्रसिद्धी दिली, आणि त्यानंतर नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या ग्रंथांत, लेखांत व व्याख्यानांत ते सिद्ध वस्तुस्थिती म्हणून येऊ लागले.

वस्तुस्थिती निराळी होती. जुन्या नियमातील 12 किंवा 15 पटींची मर्यादा होती ती दलाली व्यवसाय करणाऱ्या उपकंपन्यांना, संपूर्ण गुंतवणूक बँकसमूहाला नव्हे. आणि मोठ्या कंपन्या 1975 पासून उपलब्ध असलेली दुसरी, ग्राहकांकडील येण्यांवर आधारलेली मोजणीची पद्धत वापरत असल्याने ती मर्यादा त्यांना प्रत्यक्षात लागूच नव्हती. रोखे व विनिमय आयोगाच्या बाजार विभागाचे संचालक एरिक सिरी यांनी एप्रिल 2009 मधील भाषणात हे स्पष्टपणे सांगितले. जुलै 2009 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालाने पुढचे पाऊल टाकले: या गुंतवणूक बँकांपैकी बहुतेकांचे मालमत्ता-भांडवल गुणोत्तर 2006 च्या अखेरीपेक्षा 1998 च्या अखेरीस अधिक होते. म्हणजे ज्या बदलामुळे कर्जाचा डोंगर उभा राहिला असे सांगितले जात होते, त्या बदलाच्या पाच वर्षांहून अधिक आधीच तो डोंगर त्याहून उंच होता.

येथे सर्वाधिक खटकते ते हे की ही माहिती गुप्त नव्हती. या कंपन्यांचे समभाग बाजारात नोंदलेले होते, 1998 चे ताळेबंद वार्षिक अहवालांत छापलेले होते, आणि मालमत्तेला भांडवलाने भागणे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे आहे. तरीही अर्थशास्त्रात नाव कमावलेल्या लेखकांनी तो भागाकार केला नाही. हे विधान त्यांच्या आधीच्या समजुतींशी जुळत होते, त्यात खलनायक होता, तारीख होती आणि आकडा होता, म्हणून एका ग्रंथातून ते दुसऱ्यात उतरत गेले. लो यांनी आपल्या परीक्षणात हा सारा प्रवास उलगडून दाखवला, आणि 21 ग्रंथांच्या परीक्षणातील हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. सिरी हे नियंत्रकाच्याच पदावर होते, तेव्हा ते आपल्या संस्थेचा बचाव करीत होते असा आक्षेप घेता येईल. म्हणूनच लेखापरीक्षण कार्यालयाच्या स्वतंत्र अहवालाचे महत्त्व अधिक. शिवाय त्या आयोगाच्याच अंतर्गत तपासनीसाने सप्टेंबर 2008 मध्ये बेअर स्टर्न्सवरील देखरेखीत गंभीर त्रुटी दाखवल्या होत्या, त्या कायमच राहतात. नियंत्रक ढिला होता हे खरे, त्या नियमाने गुणोत्तर 12 वरून 33 झाले हे खोटे, आणि दोन्ही वाक्ये एकाच वेळी ध्यानात ठेवणारा ग्रंथच विश्वासार्ह मानावा.

अधिकारपदावरून अरिष्टाला तोंड दिलेल्यांच्या आठवणींचा दर्जा वेगळा ठरतो. तत्कालीन अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांचे ‘ऑन द ब्रिंक’, न्यूयॉर्क फेडरल रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन अध्यक्ष टिमोथी गाइटनर यांचे ‘स्ट्रेस टेस्ट’ आणि बर्नान्के यांचे ‘द करेज टु ॲक्ट’ या तिन्ही ग्रंथांत लीमनला वाचवणे कायद्याने शक्य नव्हते हे एकमुखाने सांगितलेले आहे: फेडरल रिझर्व्हला पुरेशा तारणाशिवाय कर्ज देता येत नाही आणि लीमनपाशी तेवढे तारण नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे लॉरेन्स बॉल यांनी ‘द फेड अँड लीमन ब्रदर्स’ या 2018 च्या ग्रंथात हा एकच दावा तपासायला घेतला. लीमनची कागदपत्रे, दिवाळखोरी न्यायालयापुढचा अहवाल आणि चौकशी आयोगापुढच्या साक्षी धुंडाळून ते अशा निष्कर्षाला आले की तारण पुरेसे होते आणि दिवाळखोरीआधीच्या आठवड्याअखेर तारणाची पर्याप्तता कोणी मोजल्याचा पुरावाच मिळत नाही. 23 सप्टेंबर 2008 रोजी काँग्रेसपुढे बोलताना बर्नान्के यांनी बाजाराला तयारीला पुरेसा अवधी मिळाला होता असे कारण दिले होते. कायद्याची अडचण त्यानंतर पुढे आली. बॉल यांचे हिशेब सर्वांना मान्य आहेत असे नाही, आणि तारणाचे मोल घबराटीच्या दिवसांत काय धरावे हा प्रश्न खरोखरच कठीण आहे. परंतु तीन मोठ्या माणसांच्या तीन ग्रंथांत एकच गोष्ट लिहिलेली असणे म्हणजे तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत, हे या ग्रंथाने नीट शिकवले; ते तिघेही त्या निर्णयात सहभागी होते.

पत्रकारांच्या ग्रंथांना कारणमीमांसेच्या तराजूत तोलताना उदारपणा हवा. अँड्र्यू रॉस सॉर्किन यांच्या ‘टू बिग टु फेल’मध्ये 13 ऑक्टोबर 2008 रोजी अर्थखात्यात बोलावलेल्या नऊ बँकप्रमुखांची बैठक येते; त्यांत नागपुरात जन्मलेले सिटीग्रुपचे विक्रम पंडितही होते. त्या खोलीतील ताण शब्दबद्ध करणे अर्थशास्त्रज्ञांना जमले नसते. पण खोलीत बसलेल्यांनी काय ठरवले हे सांगणारा ग्रंथ, ती वेळ का आली हे सांगेलच असे नाही. जिलियन टेट यांचे ‘फूल्स गोल्ड’ या दृष्टीने अधिक खोल आहे, कारण मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या या लेखिकेने जे. पी. मॉर्गनमधील एका छोट्या गटाने 1990 च्या दशकात जोखीम विकण्याची युक्ती कशी शोधली आणि ती इतरांच्या हाती कशी बिघडत गेली, याचा माग काढला आहे. मायकेल लुइस यांचे ‘द बिग शॉर्ट’ सर्वाधिक वाचले गेले. घरांच्या रोख्यांविरुद्ध पैज लावून जिंकलेल्या मूठभरांची ती कथा आहे. असेच अंदाज बांधून घाईने पैज लावणारे आणि बाजार फिरण्याआधीच बुडालेले लोक तिच्यात नाहीत. त्यामुळे अरिष्ट डोळसांना स्पष्ट दिसत होते असा समज वाचकाच्या मनात घर करतो.

तो समज कितपत खरा, याची तपासणी पुढे झाली. ऑगस्ट 2005 मध्ये लीमन ब्रदर्सच्याच विश्लेषकांनी घरांच्या किमती पडल्यास सबप्राइम रोख्यांचे काय होईल याचा हिशेब मांडला होता. सर्वांत वाईट कल्पनेत, म्हणजे तीन वर्षे दरसाल 5 टक्के घसरण धरली तर, 17.1 टक्के तोटा होईल असे त्यांनी काढले. हा हिशेब विचारपूर्वक केलेला होता. चुकला तो एकच आकडा: अशी घसरण होण्याची शक्यता त्यांनी अवघी 5 टक्के धरली. इंग-हाव चेंग, साहिल रैना आणि वेई श्याँग या संशोधकांनी 2014 मध्ये आणखी वेगळा पुरावा पुढे आणला. रोखेकरणाच्या धंद्यातील 400 मधल्या फळीच्या व्यवस्थापकांनी त्या काळात स्वतःच्या घरांचे काय केले हे त्यांनी नोंदणी दप्तरांतून शोधले, आणि किमती शिखरावर असताना या मंडळींनी घरे विकून काढता पाय घेतल्याचे दिसले नाही. उलट त्यांनी दुसरी, अधिक मोठी घरे घेतली. आतल्यांना सारे ठाऊक होते आणि त्यांनी जगाला फसवले, हे लोकप्रिय कारण या पुराव्यापुढे फार काळ तग धरत नाही. काही ठिकाणी फसवणूक झालीच, त्याचे दंडही भरले गेले. तथापि साऱ्या व्यवस्थेने एकाच चुकीच्या अंदाजावर श्रद्धा ठेवली होती, हे कारण फसवणुकीपेक्षा अधिक भयावह आहे, कारण त्यावर तुरुंगाचा उपाय चालत नाही.

काळाचे अंतर ग्रंथाला काय देते, याचेही भान हवे. 1929 च्या मंदीचे कारण 1955 च्या गॅलब्रेथ यांच्या ग्रंथात सट्टेबाजी होते, 1963 च्या फ्रीडमन व श्वार्ट्झ यांच्या ग्रंथात ते पैशाचा पुरवठा आटू देणारी मध्यवर्ती बँक झाले, आणि 1992 मध्ये बॅरी आयकेनग्रीन यांनी सुवर्णपरिमाणाकडे बोट दाखवले. 2008 च्या बाबतीतही असेच घडत आहे. पहिल्या दोन वर्षांतील बहुतेक ग्रंथ अमेरिकेबाहेर पाहत नव्हते. 2018 मध्ये आलेल्या ॲडम टूझ यांच्या ‘क्रॅश्ड’ने युरोपीय बँकांनी अमेरिकेतून अल्प मुदतीचे डॉलर उसने घेऊन अमेरिकी रोखे कसे विकत घेतले, आणि त्यांना तारण्यासाठी फेडरल रिझर्व्हला 14 मध्यवर्ती बँकांना डॉलर कसे पुरवावे लागले, हे मध्यभागी आणले. मुंबईनेही अशा दूरच्या दृष्टीचा एक जुना नमुना पाहिला आहे. अमेरिकी यादवी युद्धातील कापसाच्या पैशावर फुगलेला मुंबईचा शेअरबाजार 1865 मध्ये कोसळला आणि समभागांच्या तारणावर बेसुमार कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बे 1868 मध्ये गुंडाळावी लागली. त्या पडझडीच्या वेळी विशीत असलेल्या दिनशा वाच्छा यांनी तिचा इतिहास लिहिला तो 1910 मध्ये. चार दशकांनंतर लिहिताना त्यांना कोणाची भीडभाड ठेवण्याचे कारण उरले नव्हते.

या साऱ्या ग्रंथांतून निवड करायचीच तर ‘हाउस ऑफ डेट’ आणि गॉर्टन यांचा ग्रंथ एकमेकांशेजारी वाचावेत, व्याप्तीसाठी ‘क्रॅश्ड’ घ्यावा, आणि पुरावा कसा तपासावा हे शिकण्यासाठी बॉल यांच्याइतका उपयुक्त ग्रंथ या यादीत दुसरा नाही. ‘द बिग शॉर्ट’ माणसे समजून घेण्यासाठी उत्तम आहे, कारणांसाठी अपुरा. आणि या सर्वांच्या आधी चौकशी आयोगाचा अहवाल वाचावा, तो दोन्ही भिन्नमतपत्रिकांसह. त्या गाळून छापलेली किंवा संक्षिप्त केलेली प्रत ग्रंथालयांनी घेऊ नये. आयोगाने घेतलेल्या अनेक मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि जमवलेली कागदपत्रे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने जतन करून सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, आणि पुणे, नागपूर किंवा पणजी येथे बसलेल्या अभ्यासकालाही ती विनामूल्य पाहता येतात.